दारचा हत्ती आणि सर्वांची हवा

मराठीत एखाद्याच्या वैभवाचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे ‘त्याच्या दारी हत्ती झुलत होते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ज्याच्या कणगीत धान्य तो सुखी, ज्याच्या गोठ्यात बैल तो समर्थ, परंतु ज्याच्या दारी हत्ती तोच खरा श्रीमंत, असा हा जुना हिशेब होता. वस्तुतः वाहन म्हणून हत्ती फारसा सोयीचा नव्हे. घोड्याइतका तो धावत नाही आणि बैलाइतका स्वस्तात पोसला जात नाही. तथापि तो दुरून दिसतो, आणि त्याच्यावर बसलेला माणूस इतरांपेक्षा उंच दिसतो. आज हत्तीची ही जागा मोठ्या मोटारगाडीने घेतली आहे. उंच बांध्याची, रुंद छातीची, दोन टन वजनाची गाडी दारात उभी असली म्हणजे घराची प्रतिष्ठा शेजाऱ्यांस निराळी सांगावी लागत नाही. अशा गाडीच्या मालकीबरोबर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचा विचार करण्यास बडोदे शहरासारखे सोयीचे ठिकाण नाही. हत्ती, बैल, आगगाडी, राजेरजवाड्यांच्या मोटारी, तेलाच्या विहिरी, तेलशुद्धीचा कारखाना आणि मोटारींचा कारखाना, हे सर्व त्या शहराने किंवा त्याच्या आसमंताने गेल्या दोन शतकांत एकामागून एक पाहिले आहे.

गायकवाडांच्या राजवटीत बडोद्यास हत्तींचे मोठे प्रस्थ होते. मिरवणुकीत अंबारीचे हत्ती निघत, आणि हत्तींच्या झुंजी पाहावयास परदेशी पाहुणेही येत. हा सारा खर्च दरबारी तिजोरीतून, म्हणजे अंती रयतेच्याच करातून होई. तेव्हा त्या वैभवाचे उगीच गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हत्ती जो चारा खाई, तो त्याच वर्षीच्या किंवा मागल्या वर्षीच्या उन्हापावसावर उगवलेला असे. त्याचे शेण मातीत जाई आणि त्या मातीतून पुन्हा चारा उगवे. हत्तीमुळे खजिना रिकामा होत असेल, पण आभाळात काही शिल्लक राहत नसे.

बडोदे संस्थानच्या वाहनांच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण हत्तींचे नसून बैलांचे आहे, आणि ते डभईस घडले. डभई हे नाव मराठी वाचकास १७३१ सालच्या लढाईमुळे परिचित आहे. त्या वर्षी पहिल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा तेथे पराभव केला, त्र्यंबकराव रणांगणी पडले, आणि पुढे गुजरातेतील मराठ्यांची सत्ता हळूहळू गायकवाडांच्या हाती एकवटली. त्याच डभईत सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १८६२ साली, एक निराळ्या प्रकारचा पराक्रम झाला. खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत डभई ते मियागाम या मार्गावर अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. हिंदुस्थानातील ही पहिली अरुंद रुळांची रेल्वे, आणि देशी संस्थानाने स्वतःच्या मालकीने बांधलेली पहिली रेल्वेही हीच. या रेल्वेचे डबे प्रारंभी इंजिन ओढीत नसे. ते बैल ओढीत.

आजच्या वाचकास याचे हसू येईल. पण त्या काळची परिस्थिती लक्षात घेतली म्हणजे हसू मावळते. साडेपाच फूट रुंदीची मोठी रेल्वे १८६१ साली बडोद्यास पोहोचली होती आणि मियागाम हे तिच्यावरील स्थानक होते. डभईचा मुलूख कापसाचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असल्यामुळे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व हिंदी कापसाचा भाव एकाएकी चढला. अशा वेळी चिखलाच्या वाटेवरून गाडे ओढीत नेण्यापेक्षा रुळांवरून माल नेणे कितीतरी फायद्याचे होते. पोलादी चाक लोखंडी रुळावरून फिरते तेव्हा त्यास होणारा अडथळा कच्च्या रस्त्याच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणून रस्त्यावर बैलांची जी जोडी एक गाडा मोठ्या कष्टाने ओढते, तीच रुळांवर त्याच्या कित्येक पट ओझे सहज ओढते. शक्ती तीच, पण तिची नासाडी थांबली.

पुढे ग्लासगोच्या नीलसन कंपनीने १८६३ मध्ये या रेल्वेसाठी इंजिने तयार केली. परंतु रूळ इतके हलके होते की इंजिनांचा भार त्यांस पेलेना. मग जड रूळ घालून १८७३ साली मार्ग नव्याने खुला झाला, आणि वाफेच्या इंजिनांचा नियमित उपयोग त्यानंतरही काही वर्षांनीच सुरू झाला.

या हकिगतीतील खरी मौज निराळीच आहे. हेच खंडेराव महाराज आपल्या डामडौलासाठी प्रसिद्ध होते. १८६५ च्या सुमारास त्यांनी मोत्यांचा जो गालिचा करविला, त्याची ख्याती आजही आहे. २००९ साली दोहा येथील लिलावात तो पंचावन्न लक्ष डॉलरांच्या आसपास विकला गेला. म्हणजे पैशाची वाण नव्हती आणि हौसेचीही नव्हती. मनात आणले असते तर इंग्रजांच्या रेल्वेसारखीच रुंद व भारी रेल्वे बांधण्याची ईर्षा त्यांना झाली असती. तरीही डभईस जी रेल्वे झाली, ती कापसाच्या ओझ्यास बेताची, जमिनीस मानवणारी आणि खर्चास परवडणारी अशी झाली. वाहन किती मोठे असावे हे तेथे मालकाच्या ऐपतीने न ठरता ओझ्याच्या वजनाने ठरले. बडोद्याच्या इतिहासाने वाहनांविषयी काही शिकविले असेल तर ते हेच होय.

सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले आणि १९३९ पर्यंत त्यांची कारकीर्द चालली. या अवधीत हे छोटे रूळ चहूकडे पसरले आणि डभई हे अरुंद रेल्वेचे मोठे केंद्र बनले. संस्थानातील शेतकरी, व्यापारी आणि यात्रेकरू याच गाड्यांतून जात. १९४९ मध्ये संस्थानाबरोबर ही रेल्वेही विलीन झाली आणि अलीकडे यांतील काही मार्ग रुंद झाले. डभईवरून चांदोदकडे जाणारा जुना मार्ग रुंद करून पुढे केवडियापर्यंत नेण्यात आला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. उतारू वाढले म्हणून रूळ रुंद झाले. हेही डभईच्या जुन्या तत्त्वास धरूनच झाले.

मोटारगाडी आली ती मात्र निराळ्या वाटेने. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही गरजेची वस्तू म्हणून या देशात आलीच नाही. ती राजवाड्यातून आली. देशी संस्थानिक हे रोल्स-रॉइससारख्या विलायती कारखान्यांचे आवडते गिऱ्हाईक होते. कोणी गाडीस चांदीचा मुलामा दिला, कोणी शिकारीसाठी निराळी गाडी बांधून घेतली. हत्तीची हौस मोटारीवर गेली, एवढाच फरक. अशा गाड्या एका गॅलन पेट्रोलात मोजकेच मैल जात, परंतु पेट्रोलाचा हिशेब विचारण्याची कोणास गरज वाटली नाही, कारण गाड्याच बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. संस्थानिकांविषयी जो प्रश्न विचारला गेला तो पैशाचा होता. सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्यावर राज्याच्या पैशाची उधळपट्टी केल्याचा ठपका आला आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेऊन त्यांचे ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव यांस महाराज म्हणून मान्य केले. श्रीमंतांनी जे खर्चिले ते मुळात कोणाचे होते, हा प्रश्न तेव्हा प्रथमच एवढ्या मोठ्याने विचारला गेला.

फत्तेसिंहरावांचे आयुष्य या दृष्टीने लक्षणीय आहे. लोकसभेचे सभासद आणि क्रिकेटचे रेडिओ समालोचक म्हणून ते अनेकांस ठाऊक होते. पण १९६९ साली जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. ज्या घराण्याच्या पूर्वजांनी हत्तींच्या झुंजी लावल्या, त्याच घराण्याचा वारस वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी पुढे आला. तिजोरी ही रयतेची ठेव आहे, हा पहिला धडा होता. रान आणि हवा हीही ठेवच आहे, हा दुसरा धडा त्यातून निघतो.

मधल्या काळात बडोद्याच्या भोवती आणखी एक मोठा बदल घडला होता. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि १९६० साली अंकलेश्वरास त्याहून मोठा साठा सापडला. अंकलेश्वरच्या विहिरीस पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. १० मे १९६३ रोजी त्यांच्याच हस्ते बडोद्यानजीक कोयली येथे तेलशुद्धी कारखान्याची कोनशिला बसली. सोव्हिएत रशियाच्या साह्याने उभारलेला हा कारखाना १९६५ मध्ये चालू झाला. देश आपल्या पायांवर उभा राहणार, या उमेदीचे ते दिवस होते आणि ती उमेद खोटी नव्हती. प्रारंभी वर्षाला वीस लक्ष टन तेल शुद्ध करण्यासाठी आखलेल्या या कारखान्याची शक्ती पुढे एक कोट सदतीस लक्ष टनांपर्यंत वाढली. परंतु देशाची तहान त्याहूनही वेगाने वाढली. आज भारतास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. वसुधारा आपल्या परीने वाहिली, पण पिणारे फार झाले.

योगायोग असा की लुणेजला तेल लागले त्याच १९५८ साली हवाई बेटावरील एका डोंगरावर चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे रोजचे मोजमाप सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. डभईचे बैल डबे ओढीत होते त्या काळी ते प्रमाण सुमारे २८५ होते, असे ध्रुवप्रदेशातील बर्फात अडकलेल्या हवेवरून कळते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले. हत्तीचा चारा आणि मोटारीचे पेट्रोल यांतील भेद येथे स्पष्ट होतो. चारा कालच्या उन्हाचा असतो. पेट्रोल हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, जमिनीत गाडले गेलेले ऊन आहे. ते एकदा जाळले म्हणजे त्यातील कार्बन वर जातो आणि शतकानुशतके पृथ्वीस पांघरुणासारखा वेढून राहतो.

सामान्य गृहस्थास हा हिशेब आपल्या गाडीपुरता सहज मांडता येतो. एक लिटर पेट्रोलाचे वजन सुमारे पाऊण किलो असते. पण जळताना त्यातील कार्बन हवेतील प्राणवायू ओढून घेतो, त्यामुळे एका लिटरापासून सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. समजा, एक बेताची गाडी लिटरला २० किलोमीटर जाते व एक भारी गाडी १२ किलोमीटर. वर्षाकाठी दोन्ही गाड्या १२,००० किलोमीटर धावल्या, तर पहिलीस ६०० लिटर आणि दुसरीस १,००० लिटर पेट्रोल लागेल. चारशे लिटरांचा हा फरक म्हणजे ९२० किलो वायू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेवढ्या काळात हा फरक सहा हजार लिटरांवर आणि जवळजवळ चौदा टनांवर जातो. दोन्ही गाड्यांतून नेली जाणारी माणसे मात्र बहुधा तेवढीच.

याहून विचित्र हिशेब वजनाचा आहे. पेट्रोलात जेवढी शक्ती असते तिच्यापैकी सुमारे चौथा भागच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. आता दोन टनांच्या गाडीत सत्तर किलोचा एकटा माणूस बसला असेल, तर हलविलेल्या वजनात त्याचा वाटा साडेतीन टक्क्यांचा. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलापैकी जेमतेम रुपयाचे पेट्रोल त्या माणसास हलविण्यात खर्ची पडते. उरलेले नव्व्याण्णव रुपये पोलाद हलविण्यात आणि हवा तापविण्यात जातात. शिवाय गाडी जितकी उंच व रुंद, तितकी ती समोरच्या हवेस अधिक अडते. डभईच्या बैलगाडीच्या रेल्वेत जी काटकसर होती, तिच्या नेमके उलट हे चित्र आहे.

असे असूनही जगाचा ओढा भारी गाड्यांकडेच आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि भाव काही महिन्यांत चौपट झाले, तेव्हा सर्वांचे डोळे उघडल्यासारखे वाटले. दिल्लीत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेने १९७५ साली मोटारींनी कमीत कमी किती मैल जावे याचा कायदा केला. परंतु त्या कायद्यात हलक्या मालमोटारींना सवलत राहिली; कारखानदारांनी मग कुटुंबाच्या गाड्याच मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधावयास आरंभ केला आणि जिला आज ‘एसयूव्ही’ म्हणतात ती गाडी या फटीतून फोफावली. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या याच जातीच्या होत्या.

बडोद्याच्या आसपासही याच कथेची छाया दिसते. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील हालोल येथे जनरल मोटर्सने १९९६ पासून मोटारी बांधल्या. २०१७ साली ते काम थांबले, आणि दुसऱ्या कंपनीने तो कारखाना घेऊन २०१९ मध्ये तेथून पहिली गाडी बाहेर काढली ती मोठ्या बांध्याचीच. भारतात २०२४-२५ या वर्षी विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लक्ष प्रवासी गाड्यांपैकी जवळजवळ २८ लक्ष या उपयुक्त म्हणविल्या जाणाऱ्या उंच गाड्या होत्या. त्यांतील कित्येक लहान व बऱ्यापैकी काटकसरी असतात हे खरे, पण ओढा कोणत्या दिशेचा आहे हे या आकड्यांवरून कळते.

सरकार याबाबत अगदीच उदासीन आहे असे म्हणता येणार नाही. गाड्यांच्या धुराविषयीचे नियम कडक झाले आहेत. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर आहे. पण त्याआधी सर्वांत मोठ्या गाड्यांवर उपकर धरून ५० टक्के कर होता, हेही विसरता येत नाही. कारखान्यांना घालून दिलेली इंधनमर्यादाही गाड्यांच्या सरासरी वजनाप्रमाणे सैल होते. जो जड गाड्या बांधील त्यास सूट अधिक. तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

मोठ्या गाडीच्या बाजूने काही म्हणावयाचे नाही असे मात्र नव्हे. आठ माणसांचे एकत्र कुटुंब एका गाडीत बसून गावी जाते, तेव्हा दोन लहान गाड्यांपेक्षा एक मोठी बरी. पंचमहालाच्या डोंगराळ वाटेने रोग्यास नेणारी गाडी दणकटच हवी. ज्यास ओझे आहे त्याने मोठे वाहन बाळगावे, हाच तर डभईचा न्याय. कित्येकजण विजेच्या गाडीकडे बोट दाखवतात आणि ते योग्यही आहे. पण विजेची गाडी भारी असली तर तिलाही वीज अधिक लागते आणि ती वीज अद्याप पुष्कळशी कोळशावरच निघते. प्रश्न इंधनाच्या जातीइतकाच वजनाचाही आहे.

खरी अडचण अशी की या खर्चाचा मोठा वाटा मालकास दिसत नाही. पेट्रोलाचे पैसे तो देतो. हवेचे पैसे कोणी देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीस महापूर आला, बडोद्याच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि नदीतील मगरी रस्त्यांवर दिसल्या. त्या पुराचा दोष कोणा एका गाडीवर टाकणे अन्यायाचे होईल; नदीच्या पात्राकडे झालेले दुर्लक्षही त्यास कारण आहे. परंतु हवा एका अंशाने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि कोसळणारा पाऊस अधिक जोराने कोसळतो, हे शास्त्र निश्चित आहे. अशा पुरात सर्वांत आधी ज्यांची चूल विझते, त्यांच्या दारात बहुधा सायकलही नसते. ज्याने उपभोग घेतला तो एक आणि ज्याने किंमत मोजली तो दुसरा, हा अन्याय या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

म्हणून मोठ्या वाहनाच्या मालकाची जबाबदारी पेट्रोलाचे पैसे चुकते केल्याने संपत नाही. गाडी घेण्यापूर्वी तिच्यातून रोज किती माणसे जाणार याचा विचार करणे, घेतल्यावर एकट्याने जाण्याच्या कामी तिला न जुंपणे, शेजाऱ्यास बरोबर घेणे, आणि गावात चांगली बस व रेल्वे असावी यासाठी आपला शब्द खर्च करणे, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षिणे गैर नाही. ज्याच्यापाशी ऐपत आहे त्याचाच शब्द नगरपालिकेत ऐकला जातो. तेव्हा बसगाडीची मागणी त्याने केली तर ती लवकर पुरी होईल.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. एकेकाळच्या त्या राजगाड्या पाहावयास लोक आवडीने आले आणि त्यात गैर काही नाही. हत्तीही मिरवणुकीत शोभतो. फक्त भाजी आणावयास कोणी हत्तीवरून जात नसे, एवढे तारतम्य जुन्या श्रीमंतांस होते.